इंग्रजी येतं, पण ऐकू भलतंच येतं

कोकणात इंग्रजी दोन वाटांनी शिरतं. एक वाट समुद्राची. रत्नागिरीच्या खाडीकाठची, जयगड-दाभोळकडची, मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आली आहेत. ‘मुलगा शिपिंगमध्ये आहे’ एवढ्या एका वाक्यावर आजही इथे लग्नाची बोलणी पुढे सरकतात. दुसरी वाट पर्यटकांची. तारकर्ली, देवबाग, गणपतीपुळे, हर्णै इथे परसातल्या दोन खोल्या रंगवून होमस्टे निघाले आणि त्यांत मधूनच एखादा परदेशी पाहुणा पाठीवर बोचकं घेऊन उगवायला लागला.

दोन्ही वाटांवर तक्रार एकच: ‘त्याचं इंग्रजी काय कळेना.’ आणि तिच्या पाठोपाठ न चुकता दुसरं वाक्य येतं, ‘आपलंच कच्चं.’ पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं बहुतेक वेळा नसतं. बोटीवर जाणाऱ्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवणं हा माझा धंदा असल्यामुळे हे दुसरं वाक्य माझ्या कानाला रोजचं आहे. पोराचं व्याकरण बरं असतं, शब्द भरपूर असतात, परीक्षा पास झालेली असते आणि पहिल्याच बोटीवरचा स्कॉटिश चीफ इंजिनियर काय बोलला ते त्याला ओ की ठो कळत नाही. त्याला कोणी हे सांगत नाही, की त्याच चीफचं बोलणं टेक्सासच्या माणसालाही पहिल्या दिवशी कळत नाही, आणि तो तर इंग्रजीतच जन्मलेला असतो.

म्हणजे हा नुसता भाषा येण्या-न येण्याचा मामला नाही. यात कान आहे, तोंड आहे, सवय आहे, आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे ‘समजलं’ असं वाटणं. न समजलेला माणूस निदान पुन्हा विचारतो. चुकीचं समजलेला माणूस कामाला लागतो.

कान कधी बंद होतो

तान्ह्या बाळाचा कान सगळ्या जगाचा असतो. कॅनडातले दोन संशोधक, जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये याबद्दलचं आपलं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. वर्षाची होत आलेली बाळं मात्र तो ऐकेनाशी झाली होती. घरात लागत नाही तो फरक मेंदू टाकून देतो. म्हणून मोठा झालेला इंग्रज ‘टाळ’ आणि ‘ताळ’ एकच ऐकतो. आपण कितीही ओरडून सांगितलं तरी.

आपलंही तेच झालेलं असतं, फक्त दुसऱ्या जागी. इंग्रजीत ‘व’ दोन आहेत, एक खालच्या ओठाला दात लावून आणि एक ओठांचा चंबू करून. आपल्याकडे दोघांना मिळून एकच अक्षर. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की बंडी, हे आपल्या तोंडून निघालेल्या शब्दावरून गोऱ्याला कळत नाही, त्याला संदर्भावरून जुळवावं लागतं.

इकाराचा घोळ तर खास मराठी आहे. मीठ, पीठ, वीट, नीट: शेवटी ‘अ’ असला की त्याच्या आधीचा इकार दीर्घ. शाळेत हा शुद्धलेखनाचा नियम म्हणून पाठ करून घेतात, पण मुळात तो तोंडाचा नियम आहे. आपलं तोंड तो इंग्रजीलाही लावतं. मग ‘शिप’ची ‘शीप’ होते, म्हणजे जहाजाची मेंढी. ‘फिल’चं ‘फील’ होतं. होमस्टेवाल्या काकांनी कौतुकाने ‘आय लिव्ह हिअर’ म्हणावं, पाहुण्याने ‘लीव्ह’ ऐकावं, आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटावा: यजमानच निघाले तर जेवण कोण देणार?

‘प’ची गोष्ट लोकांना सगळ्यात उशिरा पटते. शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी ‘प’ म्हणताना तोंडातून हवेचा छोटा फुत्कार निघतो, आपल्या जुन्या ‘फळ’मधल्या ‘फ’च्या जवळ जाणारा. आपला ‘प’ कोरडा. इंग्रजी कानाला तो कोरडा ‘प’ थेट ‘ब’ वाटतो. ‘पॅक’ म्हटलं तर ‘बॅक’ ऐकू जातं. तोंडासमोर तळहात धरून ‘पोर्ट’ म्हणा. हाताला हवा लागली तर समोरच्याला ‘पोर्ट’ ऐकू गेलं.

या सगळ्यात खरोखर डोकं फिरवणारी जोडी म्हणजे ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. अमेरिकन माणूस ‘मी येऊ शकतो’ म्हणताना ‘कॅन’ जवळजवळ गिळतो, ‘आय क्न कम’, आणि जोर ‘कम’वर देतो. ‘येऊ शकत नाही’ म्हणताना मात्र ‘कॅन’ स्वच्छ, पूर्ण, जोर देऊन येतो आणि शेवटचा ‘ट’ घशातच अडकतो. म्हणजे त्याचा कान ‘ट’ शोधतच नाही. ‘कॅन’ पूर्ण उच्चारलाय की गिळलाय, एवढंच तो पाहतो. आपण शाळेत प्रत्येक शब्द ठासून म्हणायला शिकलो. ‘आय कॅन कम ॲट टेन’ हे आपण इतकं स्वच्छ म्हणतो की ऐकणाऱ्याला ते ‘दहाला जमणार नाही’ असं वाटू शकतं. जितकं स्पष्ट बोलाल तितका उलटा अर्थ! मी मुलांना सांगतो, नकार द्यायचा असेल तर ‘कॅनॉट’ पूर्ण म्हणा, आणि होकार असेल तर आधी ‘येस’ लावा. उच्चार सुधारत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

त्यांची तोंडंही कमी नाहीत

ऑस्ट्रेलियन माणसाचा ‘ए’ आपल्या ‘आइ’कडे झुकतो. ‘मेट’चा ‘माइट’ होतो आणि ‘आय केम टुडे’ हे ‘आय केम टु डाय’च्या इतकं जवळ जातं की त्यावरचे विनोद ऑस्ट्रेलियनांनाच पाठ आहेत. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला ‘ट’ आपल्या ‘ड’सारखा म्हणतो, ‘वॉटर’चं ‘वॉडर’. लंडनकडचा बराचसा माणूस शब्दाच्या शेवटचा ‘र’ म्हणतच नाही, स्कॉटिश माणूस तो घोळवून घोळवून म्हणतो.

न्यूझीलंडचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. तिथला आखूड ‘ए’ वर सरकून ‘इ’च्या घरात गेलाय. ‘पेन’ आपल्याला ‘पिन’ ऐकू येतं. आता कल्पना करा, देवबागच्या होमस्टेला न्यूझीलंडहून फोन आलाय आणि बाई विचारतायत, ‘व्हॉट टाइम इज चेक-इन?’ त्यांच्या तोंडून ते निघतं ‘चिक-इन’. घरच्या वहिनी आनंदाने सांगतात, ‘इव्हिनिंग, मॅडम. मालवणी. विथ वडे.’ त्या बाईंना वाटतं, संध्याकाळी या म्हणतायत. दोघीही समाधानी. ही गैरसमजाची शुद्ध जात: कोणाला काही चुकलंय असं वाटतच नाही.

बोटीवर तर इंग्रजी जन्मभाषा असलेला माणूस भेटेलच असं नाही. 2021 च्या जागतिक अहवालानुसार सर्वात जास्त खलाशी पुरवणारे पाच देश होते फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन आणि भारत. म्हणजे आपल्या पोराचं इंग्रजी बहुतांश वेळा ज्याच्याशी जुळवायचंय तो मनिलाचा बोसन (खलाशांचा मुकादम) किंवा व्लादिवोस्तोकचा सेकंड इंजिनियर असतो. फिलिपिनो बोलण्यात ‘फ’चा ‘प’ आणि ‘व्ह’चा ‘ब’ होण्याची सवय आहे, कारण त्यांच्या मूळ भाषांत ते आवाज नव्हते. ‘फायर पंप’ऐवजी ‘पायर पंप’ पहिल्यांदा ऐकणारा क्षणभर थबकतो. रशियन माणूस ‘अ’, ‘द’ ही उपपदं गाळतो, कारण त्याच्या भाषेत ती नाहीतच. मराठीतही नाहीत, त्यामुळे तिथे मात्र आपल्याला काही खटकत नाही.

यावर एक छान अभ्यास आहे. टेसा बेंट आणि ॲन ब्रॅडलो यांना 2003 मध्ये दिसलं, की इंग्रजी जन्मभाषा नसलेल्या ऐकणाऱ्याला तशाच चांगलं इंग्रजी येणाऱ्या परक्या माणसाचं बोलणं जन्मजात इंग्रजी माणसाइतकंच समजतं. बोटीवरून आलेले लोक हे कधीचं सांगतायत: फिलिपिनोशी पटकन जमतं, वांधा इंग्लिश कॅप्टनचाच होतो.

मेंदूची भरणी

आपण शब्द ऐकतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कान तुकडे आणून देतो आणि मधल्या जागा मेंदू अंदाजाने भरतो. रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये एका वाक्यातला एक आवाज कापून तिथे खोकल्याचा आवाज टाकला. ऐकणाऱ्यांना तो कापलेला आवाज तरीही ‘ऐकू’ आला, आणि खोकला नेमका कुठे आला हे सांगता येईना. रोजच्या जगण्यात ही भरणी फार कामाची आहे, नाहीतर एस्टी स्टँडवरची एकही घोषणा कोणाला समजली नसती. पण भरणी होते ती आपल्या अपेक्षेतून. अपेक्षा चुकली की वाक्य चुकलं.

फोन आणि रेडिओवर भर घालायचं काम आणखी वाढतं. साध्या फोनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झच्या मधलेच आवाज जातात. ‘स’ आणि ‘फ’ यांची ओळख पटवणारी धार बरीचशी याच्या वर असते, ती कापली जाते. समोर उभा असताना नीट समजणारा माणूस फोनवर समजत नाही त्याचं हे एक कारण. ओठ दिसत नाहीत हे दुसरं.

आणि कधी कधी डोळाच कानावर मात करतो. डोनाल्ड रुबिन यांनी 1992 मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातलं ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना पूर्व आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच. तरी दुसऱ्या गटाला परका उच्चार ऐकू आला आणि व्याख्यान समजलंही कमी. तेव्हा परदेशात कोणी वारंवार ‘व्हॉट? व्हॉट?’ करत असेल तर दर वेळी दोष आपल्या जिभेचा नसतो, हे आमच्या मुलांनी डोक्यात ठेवलेलं बरं.

साडेतीनचा चहा

उच्चार जुळले तरी शब्द जुळतीलच असं नाही. समजा मालवणात यॉर्कशायरचा एक पाहुणा आलाय. सकाळी बाहेर पडताना तो सांगतो, ‘टी ॲट हाफ सेव्हन, प्लीज.’ काका हिशेब करतात. टी म्हणजे चहा. हाफ सेव्हन म्हणजे साताचे निम्मे, साडेतीन. दुपारी साडेतीनचा चहा! याहून रास्त मागणी दुसरी नाही. साडेतीनला आलं ठेचून चहा उकळतो, सोबत खाजं ठेवलं जातं, पाहुण्याचा पत्ता नाही. चहा गार होतो, काका चिडतात. साडेसातला पाहुणा भुकेने कासावीस होऊन ताटासमोर येऊन बसतो आणि ताट रिकामं. कारण इंग्लंडच्या उत्तर भागात अनेक घरांत रात्रीच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात, आणि ‘हाफ सेव्हन’ म्हणजे ब्रिटिश तोंडी साडेसात. पाहुणा जर्मन असता तर आणखी मजा, कारण जर्मन भाषेत ‘अर्धा सात’ म्हणजे साडेसहा. तो इंग्रजीतही तसंच म्हणून बसण्याची शक्यता असते.

इथे वाईट इंग्रजी कोणाचंच नव्हतं. काकांचा प्रत्येक तर्क बरोबर होता. गैरसमजाला तर्कशुद्ध माणसं फार आवडतात.

ब्रिटिशांचं ‘क्वाइट गुड’ हे असंच. अमेरिकनाने सुरमईला ‘क्वाइट गुड’ म्हटलं तर तो खूश आहे. इंग्रजाने तेच म्हटलं तर बहुधा मासा ‘बरा होता’. ‘यू ऑल राइट?’ असं इंग्रज विचारतो तेव्हा त्याला तुमच्या तब्येतीची काळजी नसते, तो फक्त राम राम करत असतो. ऑस्ट्रेलियनाच्या ‘हाउ आर यू गोइंग?’चं उत्तर ‘बाय बस’ नव्हे.

आपणही कमी घोळ घालत नाही. भारतीय इंग्रजीत ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे मला एक शंका विचारायचीय. बाहेरच्या माणसाला ते ‘मला तुमच्या म्हणण्यावर विश्वास नाही’ असं ऐकू जातं. नवा डेक कॅडेट (शिकाऊ ऑफिसर) ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, कॅप्टनला हे म्हणतो तेव्हा कॅप्टनच्या भुवया उगाच वर जात नाहीत. ‘आय पास्ड आउट इन 2019’ म्हणजे आपल्या लेखी पदवी मिळाली, त्यांच्या लेखी बेशुद्ध पडलो. मुलाखतीत हे हसण्यावारी जातं, डॉक्टरसमोर जात नाही.

आणि शिव्या. मालवणीत ‘मेल्या, खंय होतंस इतके दिस?’ यात माया आहे, हे पुण्याच्या सुनेला कळायला एक गणपती जावा लागतो. ऑस्ट्रेलियन दोस्तीतही असेच शब्द फिरतात, जे छापता येत नाहीत. तिथे शब्दाचा अर्थ पाहायचा नसतो, आवाज आणि चेहरा पाहायचा असतो. आणि दोन्हीकडे नव्या माणसाने स्वतः ते शब्द वापरायची घाई करू नये.

समुद्रावर याची किंमत वेगळी

होमस्टेत चहा गार होतो. पाण्यात आणि हवेत माणसं जातात.

जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात, डाव्या बाजूला पोर्ट. पूर्वी डावीला ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यात ओरडून दिलेल्या हुकमात ‘लारबोर्ड’ आणि ‘स्टारबोर्ड’ ऐकून पाहा, म्हणजे ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये आणि अमेरिकन नौदलाने 1846 मध्ये तो शब्द का मोडीत काढला ते कळेल. एवढ्यावर भागलं नाही. जुन्या पद्धतीत ‘स्टारबोर्ड’ हा हुकूम सुकाणूच्या दांड्यासाठी असे. दांडा उजवीकडे गेला की जहाज डावीकडे वळे. 1912 मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर ‘हार्ड-अ-स्टारबोर्ड’ असा हुकूम झाला तो जहाज डावीकडे काढण्यासाठी, आणि जहाज वळलंही डावीकडेच. ब्रिटनने ही उलटी पद्धत 1933 पासून बंद केली.

विमानांच्या इतिहासातला सर्वात जीवघेणा अपघात, 27 मार्च 1977 चा, स्पेनच्या तेनेरिफे बेटावरचा, त्यात 583 माणसं गेली. धुकं होतं, दोन जंबो विमानं एकाच धावपट्टीवर. डच सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं, ‘वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.’ स्पॅनिश नियंत्रकाने अर्थ घेतला, उड्डाणाच्या जागेवर थांबलेत. विमान तर धावायला लागलं होतं. अनेक अभ्यासकांच्या मते त्या वाक्यात इंग्रजी शब्दांखाली डच वाक्यरचना होती. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटलं आणि पुढे थांबायला सांगितलं, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने बोलायला सुरुवात केल्याने ते पुढचे शब्द खरखरीत बुडाले. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक झाला.

25 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचं विमान इंधन संपून कोसळलं, 73 माणसं गेली. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, प्राधान्यही मागितलं होतं. पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नव्हता. नियंत्रकांच्या कानाला बाकीचं नेहमीची घाई वाटलं.

जहाजांचं उदाहरण 7 नोव्हेंबर 2007 चं. सॅन फ्रान्सिस्कोत दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ नावाचं जहाज पुलाच्या खांबाच्या संरक्षक कठड्याला घासलं आणि सुमारे 2 लाख लिटर तेल खाडीत गेलं. अमेरिकन पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवायला चढणारा तिथला जाणकार) आणि चिनी कॅप्टन यांच्यात इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल त्रिकोणांचा अर्थ काय, यावर बोलणं झालं होतं. पायलट समजला ती पुलाच्या दोन खांबांमधली मोकळी जागा. प्रत्यक्षात त्या खांबाजवळच्या तरंगत्या बोयांच्या खुणा होत्या. सगळं खापर भाषेवर फोडता येणार नाही, पायलटच्या औषधांचा त्याच्या सारासार विचारावर झालेला परिणाम तपासात ठळकपणे आला. पण दोघांपैकी एकानेही ‘म्हणजे नेमकं कुठे?’ एवढा प्रश्न पुढे ताणला असता तर बरं झालं असतं.

यावर जगाने काढलेला तोडगा फार साधा आहे आणि मला त्याचं कौतुक वाटतं: इंग्रजी सुधारू नका, कापून छोटं करा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये ठराविक सागरी वाक्यांचा एक संच मंजूर केला. बोटीवरची मुलं त्याला एसएमसीपी म्हणतात. त्यातली सर्वात शहाणी गोष्ट म्हणजे ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ या शिष्टाचारी शब्दांना दिलेली सुट्टी. ‘मे आय एंटर?’ म्हणजे परवानगी मागतोय की शक्यता विचारतोय? रेडिओवर कळत नाही. म्हणून आधी म्हणायचं ‘क्वेश्चन’, आणि मग सरळ: ‘मला परवानगी आहे का?’ सूचना असेल तर आधी ‘इन्स्ट्रक्शन’, धोका सांगायचा असेल तर ‘वॉर्निंग’. वाक्याची जात आधी, वाक्य मग. आकडे सुटे सुटे. दीडशे अंश म्हणजे ‘वन-फाइव्ह-झीरो’, कारण ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक नुसत्या जोराचा आहे आणि जोर खरखरीत पहिल्यांदा मरतो. सुकाणूच्या हुकमात मात्र ‘फिफ्टीन’ चालतं. तिथे कोन साधारण 35 अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे फिफ्टीनचं फिफ्टी व्हायची भीती नाही.

आणि सुकाणीवाल्याने हुकूम मोठ्याने परत म्हणायचाच. ‘पोर्ट टेन’ ऐकलं की आधी ‘पोर्ट टेन’ म्हणायचं, मग चाक फिरवायचं, आणि पाहणाऱ्या ऑफिसरने ते बरोबर झालं की नाही हे डोळ्यांनी बघायचं. सारी सुरक्षितता या पोपटपंचीत आहे.

सुकाणी हा शब्द बघा. सारंग, टिंडेल, सुकाणी, भंडारी हे शब्द आपल्या बोटींवर अजून आहेत. शिडाच्या काळात खलाशी आपल्याच मिश्र बोलीत काम करत आणि तिच्यात हुकूम देणं हे गोऱ्या ऑफिसरचं काम होतं. त्यासाठी थॉमस रोबक याने 1811 मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक शब्दकोश छापला. म्हणजे एके काळी शिकवणी त्यांना लावावी लागत होती.

‘येस सर’चा सापळा

एक चूक अशी आहे की तिला उच्चार जबाबदार नाही, इंग्रजी चांगलं असूनही ती होते, आणि माझ्या मते बोटीवर तीच सर्वात धोक्याची. मराठीत ‘जेवला नाहीस ना?’ असं विचारलं आणि जेवलो नसलो, तर आपण म्हणतो ‘हो’. म्हणजे तुझं म्हणणं बरोबर. इंग्रजीत याच प्रश्नाला ‘येस’ म्हटलं तर अर्थ होतो, जेवलोय. आता जेवणाच्या जागी तेलाचा व्हॉल्व्ह ठेवा. ‘यू हॅवन्ट क्लोज्ड द व्हॉल्व्ह?’ ‘येस सर.’ विचारणारा निश्चिंत, व्हॉल्व्ह उघडा.

एसएमसीपीत याचंही औषध आहे: नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणायचं नाही, पुढे पूर्ण वाक्य जोडायचं. ‘नो, द व्हॉल्व्ह इज ओपन.’ ही एक सवय लागायला माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो. मुलं लाजतात. पूर्ण वाक्य म्हणणं त्यांना शाळकरी वाटतं, आणि नुसतं ‘येस सर’ रुबाबदार वाटतं.

उच्चार ‘गोरा’ करून देतो म्हणणाऱ्या क्लासांबद्दल माझं मत चांगलं नाही. हजारो रुपये घेऊन ते मुलाला अमेरिकन ‘र’ शिकवतात, जो मनिलाच्या बोसनला समजायला उलट कठीण. चार-पाच नेमके आवाज, म्हणजे ‘प’चा फुत्कार, दोन ‘व’, आखूड-लांब ‘इ’, एवढे सुधारले आणि वेग कमी केला की पुष्कळ झालं. राहिला ऐकण्याचा भाग. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी 2004 मध्ये दाखवलं, की परक्या उच्चाराशी ऐकणारा मिनिटभराच्या आतच बऱ्यापैकी जुळवून घेऊ शकतो. शांत खोलीत, हे खरं. इंजिन रूममध्ये मिनिटभराचे दिवस होतात. पण कान हलतो, एवढं नक्की.

होमस्टेवाल्यांनी तर परीक्षेसारखं ‘अंडरस्टूड?’ विचारायचं सोडून द्यावं. त्याला सगळे जण ‘येस’च म्हणतात. वेळ व्हॉट्सॲपवर आकड्यात पाठवावी, 19:30, आणि पुढे जेवणाच्या ताटाचा फोटो. बोटीवर जाणाऱ्याने जॉइनिंगची तारीख कळली की एजंटला क्रूमध्ये कुठल्या कुठल्या देशांची माणसं आहेत ते विचारून घ्यावं आणि त्यांच्या इंग्रजीतल्या मुलाखती, बातम्या यूट्यूबवर रोज थोड्या ऐकाव्यात. घरात शांतपणे ऐकून भागत नाही. मिक्सर चालू असताना ऐकाव्यात, आणि ऐकलेलं वाक्य मोठ्याने परत म्हणावं.